चौदावा वाफा

मक्याच्या कणसांवरचे दाणे मोजता मोजता संशोधक बाईंचा हात थांबला. दाट पेरणी आणि निम्मं खत अशा वाफ्यांतली बाकीची कणसं शेंड्याकडे बोडकी राहिली होती. चौदाव्या वाफ्यातली मात्र टोकापर्यंत टच्च भरली होती. दाटीत, कमी खतातही भरणारं वाण सापडलं, तीन वर्षांच्या मेहनतीचं चीज झालं म्हणून बाई हरखल्या आणि लगेच अहवाल लिहायला बसल्या.

तेवढ्यात खुरपणीच्या मावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"बाई, रागावू नका. चौदाव्याला मी गुपचूप युरिया घातला होता, तुरे यायच्या आधी. रोपं एकमेकांना खेटून उभी, पानं पिवळी पडलेली. माझ्याच्यानं बघवेना."

बाईंनी अहवालाचा कागद बाजूला सारला. मग त्यांनी उठून मावशींचे हातच धरले.

"मावशी, तुम्ही बोलला नसतात तर मी सगळ्यांना चुकीचं सांगून बसले असते."

"मग कामावरून काढणार नाही ना?"

"काढू कशी? रोपांची भूक तुम्ही ओळखलीत, तीही ऐन दाणे धरायच्या वेळेची!"

चौदावा वाफा मोजणीतून वगळला. पुढच्या हंगामात बाईंनी तुऱ्याआधी खत देण्याचा रीतसर प्रयोग लावला आणि वाफे आखताना मावशींना शेजारी बसवून घेतलं. दाटीतली कणसंही पुष्कळ भरली. प्रबंध छापून आला, तेव्हा आभाराच्या पानावर पहिलं नाव मावशींचं होतं.

त्यावरून बोट फिरवत मावशी म्हणाल्या, "बाई, चोरीचं एवढं कौतुक कुणी करतं का?"