जरा दम धरा

मी बिअरचा ग्लास बोलतोय. नाक मुरडू नका. दुधाच्या ग्लासापेक्षा मी जास्त बिघडलेला आहे असं मला तरी वाटत नाही. अंगाने मी बुटका, पोट सुटलेला, तोंडाशी निमुळता, खाली आखूड दांडी. एके काळी मला देखणा म्हणायचे.

मला दुकानातून एका बाईंनी निवडलं. एरवी लोक ग्लास उजेडात धरून बघतात, टिचकी मारतात. या बाई मला दोन्ही तळव्यांत धरून डोळे मिटून उभ्या राहिल्या. दुकानदार म्हणाला, "बाई, ग्लास आहे तो, बाळ नव्हे."

"कळतंय हो. पण हातात मावायला नको का?" बाई म्हणाल्या, आणि माझ्यासारखी खोकंभर भावंडं घेऊन गेल्या.

बाईंच्या नवऱ्याचा आणि दिराचा मिळून एक छोटा बार होता. थोरला मागच्या खोलीत बिअर बनवायचा, धाकटा पुढे गिऱ्हाईक सांभाळायचा. धाकटा थोरल्याला दादा म्हणायचा, म्हणून सगळेच दादा म्हणत. दादाची बिअर काळीभोर, आणि तिला चॉकलेटची चव. ती चव बाटलीतून ओतलेली नव्हे. काळपट भाजलेले सातू आणि कोकोचे दाणे यांची ती करामत होती, आणि ते दाणे बाई स्वतः कढईत भाजायच्या. जरा नजर हटली की दाणे करपणार, म्हणून त्या वेळी दादाचीसुद्धा त्यांच्याशी बोलायची टाप नव्हती.

मी मागच्या खोलीत चव घ्यायला असायचो, आणि गर्दी झाली की पुढे. दादा बिअर गार ठेवायचा, पण बर्फासारखी कधीच नाही. ग्लास समोर ठेवून म्हणायचा, "जरा दम धरा. हातात धरून बसा. पहिला घोट कडू लागेल. ऊब लागली की चॉकलेट वर येतं."

लोक हसायचे. पण अर्ध्यावर आले की बोलता बोलता थांबायचे आणि माझ्यात डोकावून बघायचे. कोपऱ्यातल्या खुर्चीतून बाई दादाकडे बघून भुवया उडवायच्या. माझ्या आयुष्यात अभिमान वाटावा असं काही असेल तर तेवढंच.

मग आसपास ऑफिसं झाली आणि घाईतली माणसं येऊ लागली. "बिअर गरम आहे," ही रोजची कटकट सुरू झाली. दादा मागे असायचा, बोलणी धाकटा खायचा. शेवटी त्याने एक फ्रीझर आणला, आम्हाला त्यात कोंबलं, आणि आमच्या ओठांना चॉकलेटचं सिरप फासायला सुरुवात केली.

"अरे, गारठ्याने जीभच बधिर होते," दादा म्हणाला. "चव काय कळणार?"

"नाही कळली तर राहिलं, दादा. चॉकलेट दिसलं पाहिजे. लोक फोटो काढतात."

एरवी दादा भांडला असता. पण तेव्हा बाई आजारी होत्या. दवाखान्यात जायच्या आधी त्यांनी खुर्चीत बसून शेवटचे दाणे भाजले. दादाने ते एका पिंपात घातले आणि पिंप मुरायला ठेवलं. बाई परत आल्या नाहीत.

त्यानंतर दादा मागच्या खोलीत पाऊल टाकेना. धाकटा वहिनीसाठी ढसाढसा रडला होता, मी पाहिलंय. तो म्हणाला, "दादा, तू आराम कर." आणि कारखान्यातली तयार पिंपं मागवू लागला. पिंप मुरलं तेव्हा त्याने फोन केला: "दादा, तुझं शेवटचं पिंप तोटीला लावलंय. संपायच्या आत ये." त्यातले दाणे वहिनीच्या हातचे आहेत हे त्याला ठाऊक नव्हतं. दादाने सांगितलं नव्हतं. दादाला असलं काही सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!

दादा आला, तोवर पिंपाचा तळ दिसू लागला होता. धाकटा गर्दीत अडकलेला. एक नवा वेटर होता. कशालाही "लगेच आणतो" म्हणायचा, म्हणून त्याचं नावच लगेच पडलं होतं. दादा बाईंच्या खुर्चीत बसला आणि त्याने ती बिअर मागितली. लगेचने ती आणली माझ्यातून. अंगावर बर्फ, ओठांना सिरप. मला दादासमोर जाताना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दादाने रुमालाने सिरप पुसलं. मग दोन्ही तळव्यांत मला धरलं, अगदी बाईंनी धरलं होतं तसं. बर्फ वितळला. हळूहळू वास वर आला, आणि त्या वासात ती कढई होती. दादाने नाक जवळ आणलं, डोळे मिटले. अजून एक घोटही घेतला नव्हता.

"अजून जरा," तो स्वतःशीच म्हणाला.

लगेचला काय दिसलं? भरलेला ग्लास, बसलेला फेस आणि डोळ्यांत पाणी आलेलं गिऱ्हाईक.

"गरम झाली ना, काका? सॉरी हं. लगेच बदलून देतो."

"अहो, नको, थांबा..."

पण थांबणं त्याच्या रक्तात नव्हतं. त्याने मला उचललं आणि मोरीत उपडं केलं. बाईंच्या हातचं सगळं त्या भोकातून गेलं. नव्या ग्लासासाठी त्याने तोटी सोडली, तर नुसता फेस आला. पिंप संपलं होतं. मग त्याने शेजारची, कारखान्याची तोटी सोडली. दादा खुर्चीतून हे सगळं बघत होता.

तेवढ्यात धाकटा धावत आला. "दादा! कधी आलास? कशी आहे?"

दादाने त्या नव्या ग्लासातून एक घोट घेतला.

"थंड आहे," तो म्हणाला.

"बघ! सांगत होतो ना!" धाकट्याने खूश होऊन त्याची पाठ थोपटली आणि दुसऱ्या टेबलाकडे गेला. दादाने रुमाल खिशात घातला आणि तो उठला. पुन्हा आला नाही.

मला त्या दिवशी गरम पाण्याने धुऊन तसंच फ्रीझरमध्ये टाकलं. मी तडकलो. आता काउंटरमागे माझ्यात स्ट्रॉ ठेवतात. कुणी हातात घेत नाही.

तुम्ही कधी असं काही प्यायला बसलात, तर ग्लास दोन्ही हातांनी धरा. आणि कुणी घाईने बदलून द्यायला आला, तर काय वाटेल ते म्हणू दे त्याला, सोडू नका.