मागे तीन की चार

टेलरकाकांच्या दुकानात आठवड्याचे सहा दिवस कपडे शिवले जात आणि रविवारी सकाळी संघ उसवला जाई. कापायचं मोठं टेबल तेवढ्यापुरतं मैदान व्हायचं. मधली रेघ खडूने ओढायची, शर्टाची पांढरी बटणं म्हणजे आपला फुटबॉलचा संघ, कोटाची तपकिरी बटणं म्हणजे समोरचा. त्या टेबलावर आपला संघ आजवर एकदाही हरलेला नव्हता. खऱ्या मैदानावर मात्र गेल्या मोसमात त्याने एकोणपन्नास गोल खाल्ले होते, आणि तेही चवीने.

टेबलाभोवती चौघं बसत. काका स्वतः, शाळेतून निवृत्त झालेले हेडसर, जे समर्थक संघटनेचे अध्यक्ष होते, एक प्लंबर आणि एक बस कंडक्टर. संघटनेत कागदोपत्री दोनशे सभासद होते, पण मत म्हणून जे काही असे ते या चौघांचंच. या मतांची क्लबला कधी गरज पडली नव्हती. गेल्या काही वर्षांत हेडसरांनी सुवाच्य अक्षरात एकोणीस पत्रं पाठवली, एकाचंही उत्तर आलं नाही. पालथ्या घड्यावर पाणी. तरी विसावं पत्र लिहायला हेडसरांचा हात शिवशिवत होताच.

ती संधी आली. फक्त बचाव सुधारायला एक वेगळा कोच आणायचा विचार क्लबने जाहीर केला आणि समर्थकांनी लेखी मत कळवावं, असंही म्हटलं. माणूस बाहेरचा होता, उंच, किडकिडीत, कधी न हसणारा. त्याची योजना वर्तमानपत्रात आकृतीसकट छापून आली होती. मागे चार बचावपटूंऐवजी तीनच ठेवायचे. दोन्ही कडांना एकेक धावणारा, तो या टोकापासून त्या टोकापर्यंत. प्रत्येकाने समोरचा माणूस नाही, आपली जागा राखायची. आणि बचावाची सगळी रांग जमेल तेवढी पुढे सरकवायची.

पहिल्या रविवारी काका सोडून बाकीचे तिघंही या कोचवर बेहद्द खूश होते.

"तीन म्हणजे उत्तम," प्लंबर म्हणाला. "जेवढे जोड कमी तेवढी गळती कमी. मी काय वेगळं सांगतो लोकांना?"

हेडसरांना जागा राखण्याची कल्पना पसंत पडली. "परीक्षेच्या हॉलमध्ये मी कधी पोरावर नजर ठेवली नाही, रांगेवर ठेवली. पोरं बदलतात, रांग बदलत नाही."

कंडक्टरला रांग पुढे सरकवण्याचं इतकं कौतुक वाटलं, की त्याचे डोळे पाणावायचे बाकी राहिले. "सव्वीस वर्षं घसा कोरडा करून मी दुसरं काय सांगतोय? पुढे सरका, पुढे जागा आहे. शेवटी एका तरी माणसाला पटलं."

काकांनी टेबलावर बटणं मांडली. मागे तीन, कडांना दोन, मध्ये तीन, पुढे दोन, आणि गोलकीपर. अकरा झाले, त्यात डाव्या कडेला धावायला एक नवं बटण. पण जुन्या संघातलं एक पांढरं बटण त्यांच्या बोटात उरलं. डावीकडचं. त्यांनी ते खिशात टाकलं आणि इस्त्री गरम झाली का ते बघायला उठले.

डावीकडचा तो लेफ्ट बॅक म्हणजे काकांचा जावई. नऊ वर्षं त्याच क्लबात, वय बत्तीस, दोन्ही गुडघ्यांवर शस्त्रक्रियेच्या खुणा. चौघांच्या रांगेत तो कसाबसा निभावून नेत होता. या टोकापासून त्या टोकापर्यंत धावायला सांगितलं, तर अर्ध्या तासात त्याला उचलून न्यावं लागलं असतं, हे काकांना दिसत होतं. म्हणजे कोच आला की जावई घरी. क्लब सुटला तर जावयाला दुसरं काय येत होतं? शाळा अर्धवट, हातात दुसरी कला नाही, पदरात दोन लेकरं. आणि ती लेकरं काकांच्या लेकीची होती. काकांना धास्ती बसली. ती बरोबर होती, फक्त त्यांनी ती चुकीच्या जागी टाचली होती, पण ते पुढे कळलं.

या जावयाशी काका खेळाबद्दल कधीही बोलत नसत. जावई म्हणजे मानाचा माणूस. त्याला घरी बोलावून त्याच्या धंद्याचे प्रश्न विचारणं काकांना पाहुणचाराला सोडून वाटे. जावईही मितभाषी. जेवण आवडलं का, हो. मुलांची तब्येत, ठीक. आठ वर्षांत दोघांमध्ये एक पान भरेल एवढंसुद्धा बोलणं झालं नसेल. काकांना ते आदर्श नातं वाटायचं.

पुढचे पंधरा दिवस काकांनी जे केलं, त्याला त्यांनी मनातल्या मनात 'विचारविनिमय' असं नाव दिलं.

कंडक्टर मंगळवारी गणवेशाचा फाटलेला खिसा घेऊन आला. काकांनी तोंडात टाचण्या धरून सहज म्हटल्यासारखं म्हटलं, "ते पुढे सरकायचं खरं, पण कधी सरकायचं ते म्हणे खेळाडूंनी आपापसात ठरवायचं. इशारा कुणी द्यायचा नाही."

"कुणीच नाही?" कंडक्टरने विचारलं.

"ज्याचा त्याने समजून घ्यायचा."

"म्हणजे घंटी न देता गाडी सोडायची," कंडक्टर म्हणाला. "मग कंडक्टर कशाला ठेवलाय?" तो खिसा न घेताच निघून गेला, इतका त्याला तो अपमान स्वतःचा वाटला.

प्लंबरसाठी काकांनी दुकानातला नळ गळत असल्याचं निमित्त काढलं. नळ खरोखरच गळत होता, चार महिने. तो वायसर बदलत असताना काकांनी शंका विचारली, "मागे तीनच ठेवले की दोन्ही कडांचे कोपरे मोकळे राहणार. म्हणजे पाइपला मधे जोड कमी, पण टोकांना बूच नाही, असंच ना?" प्लंबरने पाना खाली ठेवला. टोकांना बूच नसलेला पाइप त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला असावा. संध्याकाळपर्यंत त्याने आळीतल्या सात घरी हे संकट सांगितलं.

हेडसर मात्र अवघड होते. त्यांच्यासाठी काकांनी दोन दिवस विचार केला आणि मग पँटचं माप घेताना सांगितलं, की या कोचने म्हणे त्याचं प्रशिक्षणाचं शिक्षण टपालाने पूर्ण केलंय. हे आपण कुठे वाचलं, ते काकांना आठवत नव्हतं; कुठेच वाचलं नसल्याचाही संभव होता. हेडसर ताठ झाले, त्यामुळे माप अर्धा इंच वाढलं. "वर्गात न बसता?" एवढंच ते म्हणाले.

तिसऱ्या रविवारी टेबलाभोवती एकमत होतं. गंमत म्हणजे प्रत्येकाला ते आपल्या अकलेतून उगवलंय असं वाटत होतं.

"पण काका," प्लंबर मिशीत हसत म्हणाला, "तुमचा जावई लेफ्ट बॅक आहे म्हणून तर नाही ना हा विरोध? आपला तो बाब्या, असं तर नाही?"

"दुकानात नातं नाही," काका गंभीरपणे म्हणाले. "मी तत्त्वाचं बोलतोय. जावई उद्या बाहेर बसला तरी माझं मत हेच राहील."

हे वाक्य त्यांना इतकं आवडलं, की त्यांचा स्वतःचाच त्यावर विश्वास बसला.

पत्र हेडसरांनी लिहिलं, सांगितलं मात्र काकांनी. काकांना तेव्हा भलतीच धार चढली होती. 'सदर योजना अनुभवी खेळाडूंच्या मुळावर येणारी असून समर्थकांना ती सर्वथा अमान्य आहे,' हे त्यांचं वाक्य. 'कोच नेमल्यास समर्थक मैदानाकडे पाठ फिरवतील,' हेही त्यांचंच. दोनशेपैकी एकशे चाळीस सह्या प्लंबर आणि कंडक्टरने गोळा केल्या. काकांनी पेन हातात घेतलं आणि पुन्हा खाली ठेवलं.

"मी सही करणं बरं दिसणार नाही," ते म्हणाले. "नात्याचा प्रश्न आहे. उद्या कुणी बोट दाखवायला नको."

हेडसरांनी मान झुकवून त्यांच्याकडे आदराने पाहिलं. आजकाल अशी माणसं राहिली नाहीत, असंही ते बोलले. काकांनी तेही नाकारलं नाही.

पुढच्या रविवारी लेक आणि जावई दुपारच्या जेवणाला आले. दुकानाच्या मागच्या दोन खोल्या हेच काकांचं घर. जेवायचं टेबल शिवणयंत्रांना टेकून होतं. मुलं आजीबरोबर आतल्या खोलीत गेली. जावई नेहमीप्रमाणे गप्प होता, पण आज लेकही गप्प होती, आणि ही गोष्ट नेहमीची नव्हती.

"तो नवा कोच येत नाहीये," जावई पाण्याचा पेला फिरवत म्हणाला.

काकांच्या छातीवरचा दगड उतरला. चेहऱ्यावर मात्र त्यांनी दुःख आणलं. "अरेरे. असं कसं झालं?"

"क्लबला तो मुळात नकोच होता. लोकांना दाखवायला नाव पुढे केलं होतं. पण नाही म्हणायला निमित्त हवं होतं, ते समर्थकांच्या पत्राने मिळालं. सभेत मोठ्याने वाचलं सेक्रेटरीने. दोनदा वाचलं."

एकोणीस पत्रं धूळ खात पडली आणि विसावं दोनदा वाचलं गेलं. काकांना क्षणभर अभिमान वाटला. मग त्यांनी लेकीकडे पाहिलं. तिचे डोळे सुजलेले होते.

"काय झालंय गं?" त्यांनी विचारलं.

"क्लब ह्यांना सोडतोय, बाबा," ती म्हणाली. "मोसम संपला की."

"का? चार जणांचीच रांग राहणार ना? मग लेफ्ट बॅक लागणारच की."

"लागणार," जावई म्हणाला. "एकोणीस वर्षांचा घेतलाय. दोन महिन्यांपूर्वीच ठरलं होतं ते. माझे गुडघे संपलेत, हे त्यांना माहीत आहे. मलाही माहीत आहे." त्याने पेला पुन्हा फिरवला. "त्या कोचनेच काय ती आशा दाखवली होती. महिन्यापूर्वी फोन आला होता त्याचा. म्हणाला, मागे तीन ठेवणार, आणि मधला तू. कडेला नाही. मधल्याला धावावं लागत नाही, उभं राहून बाकीच्यांना हलवावं लागतं. म्हणाला, तुझे गुडघे संपलेत, पण तोंड संपलेलं नाही. नऊ वर्षं तू मैदानावर एक क्षण गप्प बसलेला नाहीस. मला तेच हवंय. दोन वर्षं खेळवतो आणि मग हाताखाली घेऊन कोच करतो, म्हणाला."

काकांना हे ऐकू आलं, पण समजायला वेळ लागला. मैदानावर एक क्षण गप्प नसलेला हा माणूस कोण? ते तिकीट काढून पार वरच्या पायऱ्यांवर बसत. तिथून जावयाचं तोंड हलताना कधी दिसलं नव्हतं.

"पत्राची प्रत चेंजिंग रूममध्ये लावलीय," जावई पुढे म्हणाला. "सगळ्या सह्या बघितल्या मी. एकशे चाळीस. तुमची नव्हती. बाकी काही असो, बाबा, तेवढं बरं वाटलं. घरचं माणूस त्यात नव्हतं."

लेकीने पदराने डोळे पुसले आणि बापाकडे मायेने पाहिलं. तिथेच गप्प बसले असते तर काका आयुष्यभर त्या मायेवर जगले असते. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते यापुढेच होतं. पण तो फुकटचा आदर त्यांना गिळवेना. त्यांना लाज वाटली, आणि ती त्यांनी लपवली नाही.

"सही नाही केली मी," ते म्हणाले. "पण पत्र मीच सांगितलं. शब्दन् शब्द. त्या तिघांची मनंही मीच फिरवली. मला वाटलं, तीन झाले की तुम्ही बाहेर. तुमच्यासाठीच केलं सगळं."

आतल्या खोलीत मुलं कशावरून तरी भांडत होती. लेकीचा हात पदरासकट तिथेच थांबला. जावई ओरडला नाही. पेला त्याने टेबलावर नीट ठेवला.

"मला का नाही विचारलंत?"

"जावयाला खेळाचं विचारू नये म्हणून," काका म्हणाले. "घरी आलेल्या माणसाला त्याच्या कामाचं काय छेडायचं? तुमचा मान राखायचा म्हणून."



"आठ वर्षं मी दर वेळी वाट बघतो, बाबा," जावई म्हणाला, "या घरात कुणीतरी मला खेळाबद्दल विचारेल म्हणून."