एकशे सत्तावीस दात्यांचे चाक

मी एक जुने दातेरी चाक आहे, मित्रांनो. लेथवर, म्हणजे धातू फिरवून कापायच्या यंत्रावर, बसणारे. लोखंडाला गंज चढतो हे तुम्हाला ठाऊक असेल; मला मात्र माणसाच्या घाणीनेच जास्त खाल्ले.

मला एका टर्नरने स्वतःच्या हाताने कापले. त्याचा लेथ इंचाच्या मापाचा, आणि गिऱ्हाइकांना स्क्रूचे आटे हवे असत मिलिमीटरचे. पाच इंच म्हणजे बरोबर एकशे सत्तावीस मिलिमीटर, म्हणून मला तितके दाते. एकशे वीस दात्यांचे चाक नसले तर त्याचे काम लहान चाके आपसात वाटून घेतात. एकशे सत्तावीस ही मात्र मूळ संख्या. एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानेच भाग जात नाही. माझे काम वाटून घेणार कोण?

"ह्या संख्येला तोडता येत नाही बघ," टर्नर आपल्या मुलीला सांगायचा. "हट्टी आहे, तुझ्यासारखी."

पुढे त्याचे हात थरथरू लागले. लेथ मुलीकडे आला आणि ऑफिसची खुर्ची तिच्या काकाकडे. मिलिमीटरचे काम क्वचित येई. काकाने मला टेबलावर नेले आणि माझ्या मधल्या भोकात सिगारेट विझवली. मग रोजचेच झाले. राख, चहाचा गाळ, कापलेली नखे, चघळून थुंकलेला च्युइंगगम. दात्यांच्या फटींत काळा, चिकट लगदा साचला. त्यावर माश्या घोंगावत. एकदा अक्रोड फोडताना त्याने माझा एक दाता उडवला आणि केरात फेकला. शी!

एके दिवशी मोजमापाची यंत्रे बनवणाऱ्या बाईंनी मिलिमीटरच्या आट्यांचा मीटरभर लांब स्क्रू करायला सांगितला. मुलीने मला सगळीकडे शोधले, पण मी सापडले नाही.

"अगं, त्रेसष्टचं चाक लाव," काका म्हणाला. "जवळपास तेच होतं."

"जवळपास म्हणजे किती, काका?"

"केसभर गं! कोण बघायला बसलंय?"

बाई बघायला बसल्या होत्या. त्यांनी स्क्रू परत आणून आपटला. "प्रत्येक आट्याला चूक साठत गेलीय. शेवटी केसभर फरक पडतो. माझ्या यंत्राला केस म्हणजे दोरखंड! नीट करून द्या, नाहीतर मी दुसरीकडे जाते."

मुलीचा चेहरा उतरला. काकाने शांतपणे सिगारेट माझ्यात दाबली, तेव्हा राखेच्या ढिगाखालची माझी कड तिला दिसली.

"काका, हे बाबांचं चाक आहे!"

"असेल. हात धू हो नंतर."

"हात धुतले जातील. तुमच्या सवयीला काय लावू?"

तिने मला रॉकेलमध्ये बुडवले, तारेच्या ब्रशने घासले. तुटलेल्या जागी पितळ भरून दाता कानशीने घडवला. टर्नर शेजारी बसून थरथरत्या बोटाने तपासत होता. "अजून थोडं," तो म्हणे, आणि ती पुन्हा कानस धरी.

नवा स्क्रू बाईंनी टोकापर्यंत मोजला. "आणखी करून द्याल?" एवढेच त्या म्हणाल्या. मुलगी बाबांकडे बघून हसली.

आता मी तेल लावून खुंटीवर असते. काका जवळून गेला तरी मला शिसारी येते. मित्रांनो, रोज कामाला येत नाही म्हणून कुणाला भंगार समजू नका. जपणे जमत नसेल, तर निदान थुंकू नका.