मागच्या सीटखालची वायर

आत्याने पुन्हा चावी फिरवली. व्हॅन घरघरली, खोकली आणि गप्प झाली. आत्याने उतरून बॉनेटमध्ये डोकं घातलं, प्लग काढून पुसले, फ्यूज उजेडासमोर धरून पाहिले. सगळं जागच्या जागी होतं. मी बूट हातात घेऊन पायरीवर बसले होते आणि माझे कान तापत होते. राग आला की आधी माझे कान तापतात, मग तोंड सुटतं. घरातले सगळे कानांकडे बघूनच बाजूला होतात.

व्हॅन बिघडलेली नव्हतीच. सुट्टीनंतर आज शाळा उघडणार, म्हणून काल आत्या बाजारात गेली असताना बाबांनी गॅरेजवाल्याला बोलावून मागच्या सीटखालची, टाकीतून पेट्रोल ओढणाऱ्या पंपाची वायर काढून ठेवली होती. सकाळी डबा भरताना आईबाबांची कुजबुज माझ्या कानावर आली. आमच्या घरात मोठ्याने बोललेलं कोणी ऐकत नाही, कुजबुजलेलं मात्र सगळ्यांना ऐकू जातं.

आत्या माझ्या जन्माच्या आधीपासून मुलांना शाळेत सोडते. मुलं तिला व्हॅनमावशी म्हणतात. कोणाला गाडी लागते, कोण खिडकी दिली नाही तर भोकाड पसरतं, कोणाचा डबा नेहमी सीटवरच राहतो, हे तिला पाठ. गाडीच्या दुखण्यासाठी ती गॅरेजची पायरी चढत नाही. "तो बरा करत नाही, पार्ट विकतो," असं म्हणून सगळं स्वतःच दुरुस्त करते.

पण मध्यंतरी ती मुलांना सोडून घरी आली, गाडी लावून जेवायला बसली, आणि एक लहानगी मागच्या सीटवर तशीच झोपलेली होती. रडण्याचा आवाज आला तेव्हा आम्हाला कळलं. त्या दिवशी आत्या जेवली नाही. "माझं डोकं तपासून घ्या," असं तीच म्हणाली. हे महत्त्वाचं आहे. तीच म्हणाली होती.

मग डॉक्टर झाले, प्रश्न झाले, दोन स्कॅन झाले. एका स्कॅनमध्ये मेंदू कुठे झिजलाय ते दिसतं. दुसऱ्यासाठी हाताच्या शिरेत औषध टोचतात, ते मेंदूत नको तिथे साचलेल्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि चित्रात ती जागा रंगीत दिसते. ती चित्रं मी बाबांच्या फोनवर पाहिली. आठवणी सांभाळणारा भाग कानाच्या आतल्या बाजूला असतो, तो आक्रसून भोवती काळी पोकळी झाली होती. दुसऱ्या चित्रात लाल-पिवळं, इतकं झगमगीत की चांगली बातमी वाटावी.

डॉक्टरांनी ही चित्रं बाबांना दाखवली. आत्या तेव्हा बाहेर बाकावर हातावर कापूस दाबून बसली होती. डोकं तिचं आणि ती बाहेर. डॉक्टर म्हणाले, सुरुवात आहे, आता गाडी चालवू देऊ नका आणि त्यांना नीट समजावून सांगा. बाबांनी त्यातलं अर्धंच ऐकलं, हेही मला कुजबुजीतूनच कळलं. घरी येऊन आत्याला सांगितलं, रिपोर्ट एकदम चांगला, जरा जीवनसत्त्व कमी पडतंय. तेव्हापासून ती रोज दुधाबरोबर गोळी घेते आणि वर मलाच शहाणपण शिकवते, तूही घेत जा, अक्कल वाढेल.

मी आत जाऊन बाबांसमोर उभी राहिले आणि वायर जोडा आणि तिला सगळं खरं सांगा म्हणाले. त्यांनी कप खाली ठेवला. तिला धक्का बसेल, म्हणाले. हळूहळू कंटाळून ती स्वतःच गाडी सोडून देईल, म्हणाले. लहान आहेस, असंही म्हणाले. हे शेवटचं नसते म्हणाले तर कदाचित मी अजून थोडा वेळ गप्प बसले असते.

तेवढ्यात आत्या दारात आली. हात काळे, कपाळावर ग्रीसचा पट्टा.

"धाकट्या, मला सापडत नाहीये," ती म्हणाली. आत्याचा आवाज इतका बारीक मी कधी ऐकला नव्हता. "सगळं बघितलं. रिपोर्ट चांगला आहे ना माझा? मग मला का सापडत नाहीये?"

बाबांनी कप पुन्हा उचलला. आई ओटा पुसायला लागली. तो आधीच पुसलेला होता.

"आत्या, यांनी वायर काढलीय," मी म्हणाले. "आणि रिपोर्ट चांगला नाहीये."

मग बाबांचा फोन मी उचलला आणि चित्रं तिच्यासमोर धरली. हात काळे म्हणून तिने फोनला हात लावला नाही, वाकून पाहिलं. मला समजलं होतं तेवढं मी सांगितलं. इथे साचलंय, इथे झिजलंय, सुरुवात आहे, थांबवता येत नाही. सांगताना रडू येईल असं वाटलं होतं, पण रागाने ते जागच्या जागी वाळलं.

आत्या सरळ उभी राहिली. मग बाबांकडे वळली.

"मला सांगितलं असतंस तर मी चावी तुझ्या हातात ठेवली असती," ती म्हणाली. "सकाळपासून मला वाटतंय, मी आत्ताच संपले. ते तू केलंस. आजाराने नाही केलं."

बाबा ताई, ताई करत उठले. तिने हात वर करून त्यांना तिथेच थांबवलं, चावी टेबलावर ठेवली आणि साबण घेऊन हात धुतले. मग मला म्हणाली, "बूट घाल. मुलं दारात उभी असतील."

आम्ही चालत निघालो. पहिल्याच घरी, त्या दिवशी गाडीत झोपून राहिलेली लहानगी आणि तिची आई फाटकाशी वाट बघत होत्या. आत्या सरळ म्हणाली की मला विसरण्याचा आजार निघालाय, मी आता गाडी चालवणार नाही, तुम्ही दुसरी सोय करा.

त्या बाईंनी माझ्याकडे बघून विचारलं, "कधीपासून आहे गं यांना?"

"त्या इथेच उभ्या आहेत," मी म्हणाले. "त्यांनाच विचारा."

बाई ओशाळल्या. आत्याने मला कोपर मारलं, पण हळूच. मग बाईंनी तिलाच विचारलं आणि तिने सांगितलं. आज मी चालत सोडते मुलीला, असंही म्हणाली. बाईंनी मुलीचा हात घट्ट धरला आणि म्हणाल्या, नको, मीच सोडते. आत्याने मान डोलावली. खाली वाकून मुलीच्या दप्तराची उघडी चेन लावली.

बाबांची पावलं मागून येत होती. आम्ही वळून पाहिलं नाही. पुढच्या मुलाच्या घराकडे जाताना तिठ्यावर आत्या थांबली. या बाजूला बघितलं, त्या बाजूला बघितलं. मला रस्ता माहीत होता. ओठांवर आलेलं मी दातांत धरून ठेवलं. विचारायचं की नाही, ते ती ठरवेल.

"डावीकडे ना गं?" तिने विचारलं.

"डावीकडे," मी म्हणाले.

आणि ती माझ्या पुढे चालू लागली.