न आलेली सूज

गंगूबाईचे गुडघे चार वर्षांपासून दुखत होते. आसेगावातल्या घरापासून शेत जेमतेम अर्ध्या कोसावर, पण तेवढ्या वाटेत तिला तीनदा बसावं लागे. तिचा मुलगा धम्मपाल शेलूबाजारला पंजाबरावांच्या औषधाच्या दुकानात काउंटर सांभाळायचा. फार्मसी शिकलेला, घरातला पहिलाच. मागच्या वर्षी सोयाबीन सोंगायच्या दिवसांत आई बांधावर बसून रडली, तेव्हा त्याला राहवलं नाही. घरी येताना त्यानं स्टेरॉइडच्या बारीक पांढऱ्या गोळ्यांची पट्टी आणली. डॉक्टरांची चिठ्ठी नव्हतीच.

“रोज सकाळी जेवल्यावर एक घेत जाय, माय.”

चौथ्या दिवशी गंगू कुठंही न बसता शेतात पोचली. दोन महिन्यांत तिचे गाल वर आले, चेहरा गोल झाला. विहारात वंदनेला जमणाऱ्या बाया म्हणायच्या, “गंगू, सून लय खाऊ घालून राह्यली वाट्टे तुले!”

“सून नाई वं, लेकाच्या गोळ्या,” असं म्हणून गंगू हसायची.

ते ऐकून धम्मपालची छाती फुगायची. चेहरा असा गोल होणं हे या गोळ्या जास्त झाल्याचं लक्षण, हे त्यानं पुस्तकात वाचलं होतं. एकदोनदा मनात आलंही, आता पुरे, वाशीमला नेऊन नीट दाखवावं. पण तूर सोंगायला आली होती, माय खुशीत होती, आणि ते राहूनच गेलं.

जानेवारीत तुरीच्या पेंढ्या उचलताना बाभळीचा काटा चपलेतून थेट गंगूच्या टाचेत शिरला. तिनं सुईनं कोरून काढला, हळद भरली आणि पुन्हा कामाला लागली. तिसऱ्या दिवशी धम्मपालची बायको रत्नमाला म्हणाली, “एवढा मोठा काटा गेला, पण आत्याबाईच्या पायाले ना सूज, ना लाली. पाह्यता का जरा?”

त्यानं टाच दाबून पाहिली. गार होती.

“दुखते का, माय?”

“उलसक ठणकते. बाकी काई नाई.”

कपाळाला हात लावला, तापही नव्हता. “मंग काई नाई होत,” असं म्हणून तो दुकानात निघून गेला.

नवव्या दिवशी सकाळी गंगू चुलीपुढं कोसळली. डोळे उघडे होते, पण ती असंबद्ध बडबडत होती. धम्मपाल आणि रत्नमालेनं तिला जीप करून वाशीमच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी टाचेवर चीर दिली तर आत घोट्यापर्यंत पू. साखर चारशेच्या वर गेलेली. जंतू रक्तात उतरले होते.

“इतके दिवस ताप नव्हता?”

“नव्हता.”

“कोणती गोळी चालू होती?”

धम्मपालनं नाव सांगितलं, पण इतक्या हळू की त्यांना पुन्हा विचारावं लागलं.

त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या रत्नमालेकडं वळून शांतपणे समजावत राहिल्या. “जंतू शिरले की तिथल्या पेशी काही प्रथिनं सोडतात. ती बाकीच्या पेशींना बोलावून आणतात. रक्तवाहिन्या सैल होतात, पाणी आणि पांढऱ्या पेशी तिकडं धावतात, म्हणून जागा सुजते, लाल होते, दुखते. त्यातल्याच काही प्रथिनांचा सांगावा मेंदूपर्यंत जातो, मग ताप येतो. या गोळ्या ती प्रथिनं पुरेशी तयारच होऊ देत नाहीत. गुडघ्यांचं दुखणं थांबलं ते त्यामुळंच, आणि पाय सुजला नाही तोही त्यामुळंच. साखर चढली, तीही गोळ्यांनीच.”

त्या प्रथिनांचं नाव सायटोकाइन. दुसऱ्या वर्षाच्या परीक्षेत धम्मपालनं त्यांची आकृती काढली होती, बाणांसकट. पूर्ण गुण मिळाले होते.

गंगू वाचली. उजवा पाय गुडघ्याखाली कापावा लागला. अंगाला सवय लागल्यानं त्या गोळ्याही एकदम बंद करता येईनात. डॉक्टरांच्या देखरेखीत हळूहळू कमी कराव्या लागल्या.

गावानं काट्याला दोष दिला, कुणी चपलेला. गंगू म्हणायची, “मीच याडी. काटा पुरा निंगाला का नाई, पाह्यलं नाई.” धम्मपाल ऐकून घ्यायचा. रत्नमालेला सगळं ठाऊक होतं, पण तिनं ते ना कुणाला सांगितलं, ना त्याला बोलून दाखवलं. असे दोन महिने गेले.

एका रविवारी शेजारची लिलाबाई गुडघे धरत अंगणात आली. गंगूनं खाटेवरूनच लेकाला हाक मारली. “धम्मा, हिले बी आण ना रे त्या गोळ्या. लय दुखून राह्यलं हिचं.”

“नाई आणत.”

“काहून?”

धम्मपाल खाटेपाशी खाली बसला. “काट्यानं नाई, माय. त्या गोळ्यायनं गेला तुहा पाय. आतून सडून राह्यला होता, अन् गोळ्यायनं सूज येऊच देली नाई. आली असती तं तिसऱ्या दिवशीच नेलं असतं मी तुले.”

लिलाबाई गुडघे धरत परत गेली. गंगू लेकाकडं वळली.

“तुले माईत होतं?”

“व्हय.”

“देल्ल्या तवाच?”

“तवाच. तुहं रडणं पाह्यल्या जात नव्हतं, माय.”

“मंग मले सांगाचं होतं. गोळी घेऊ का दुखू देऊ, माहं मी ठरवलं असतं. पाय माहा होता, बाबू.”

ती रडली नाही. भिंतीकडं तोंड करून पडून राहिली. एरवी लेक आणून द्यायचा ते रात्रीचं जेवण त्या दिवशी तिनं सुनेच्या हातून घेतलं.

दुसऱ्या दिवशी पंजाबरावांना सुट्टी मागून धम्मपाल लिलाबाईला वाशीमला दाखवायला निघाला. गंगू खाटेवर बसून सुपात तूर निवडत होती.

“येतो, माय.”

तिनं मान वर केली नाही. हातातला खडा बाजूला टाकला आणि पुन्हा सुपात बोटं फिरवू लागली. तो चपला घालून लिलाबाईला हात द्यायला गेला.