तारमास्तरांचा प्रश्न

"साफ चूक," वाचनालयाच्या बाई म्हणाल्या आणि वकिलांनी मोठ्या ऐटीत आणलेलं पुस्तक मिटून त्यांनी परत त्यांच्याकडे सरकवलं. "यातला माणूस कॉफी पितो. आणि दुसरा कप ओतत नाही, भिंतीवर फेकून मारतो."

"भावार्थ तोच आहे."

"भावार्थाचं अपील तुमच्या कोर्टात करा, वकीलसाहेब."

टेबलाच्या टोकाला बसलेले शोधक हसले नाहीत. वकिलांचं उत्तर बरोबर निघावं असं त्यांना मनापासून वाटत होतं. त्यांनी शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं आणि पुन्हा वाचायला घेतलं.

छापखान्यात जन्मभर मुद्रितं तपासली म्हणून त्यांना इथे शोधक म्हणत. ती शेजारची खुर्ची तारमास्तरांची. तारखात्यात कडकट्ट करण्यात त्यांची नोकरी सरली होती, आणि प्रश्नही ते तारेसारखेच लिहीत, एकही शब्द जास्त नाही. दाराजवळच्या फळ्यावर कुणीही आपला प्रश्न चिठ्ठीवर लिहून टाचायचा, कथा कुठली, ओळ कुणाची, आणि बाकीच्यांनी उत्तर शोधायचं, असा त्यांचा जुना खेळ होता. वकिलांना साक्षीदाराचा चेहरा वाचायची खोड. प्रश्न टाकणाऱ्याच्या भुवईवरून ते उत्तर ओळखायचे. म्हणून पुढे नियमच झाला, की उत्तर सापडेपर्यंत प्रश्न टाकणाऱ्याने वाचनालयात पाऊल ठेवायचं नाही आणि कुणी त्याच्या घरी जाऊन खोदायचं नाही. सापडलं, तर ज्याला सापडलं त्यानेच जाऊन सांगायचं. एरवी आठवड्याभरात निकाल लागे.

मास्तरांची ही चिठ्ठी उन्हाळ्यात लागली होती. आता लोक स्वेटर घालून येत होते.

"रोज दोन कप चहा करतो. एक पितो. दुसरा निवला की ओतून देतो. कथा कोणती?"

सगळ्यांनी जंग जंग पछाडलं. बाईंनी दुसऱ्या वाचनालयांतल्या मैत्रिणींना फोन केले. वकिलांनी आपल्या अशिलांनासुद्धा सोडलं नाही. एका घटस्फोटाच्या दाव्यातल्या नवऱ्याने तर उत्तर म्हणून आपलंच गाऱ्हाणं लिहून दिलं, त्यावर दोन दिवस हशा झाला. मग हळूहळू चिठ्ठीचा विषय मागे पडला. मास्तरांनी यावेळी भलताच जुना माल काढला, एवढं म्हणून लोक आपापल्या वाचनाला लागले.

शोधकांना मात्र ते जमेना. त्या खुर्चीशिवाय त्यांना करमत नव्हतं. दोघं फार बोलत असंही नाही. वाचता वाचता मास्तर बोटाने एखादी ओळ दाखवायचे, शोधक मान हलवायचे. घर, तब्येत, मुलंबाळं हे विषय कधी निघाले नाहीत. कुठल्या पुस्तकाच्या कुठल्या प्रकरणाला मास्तरांचे डोळे भरून येतात हे शोधकांना ठाऊक होतं. त्यांच्या घरात माणसं किती, हे ठाऊक नव्हतं.

त्यात ही कथा आपण वाचलेली असणारच आणि आता ती आठवत नाही, ही भीती त्यांना पोखरत होती. वाचलेलं लक्षात राहतं, एवढीच काय ती त्यांची पुंजी. तीही गेली तर मागे काय राहिलं? रात्री झोप लागेना, दिवसा अक्षरं एकमेकांत शिरत.

सुनेने एकदा सरळ सांगितलं, "बाबा, जाऊन विचारून या ना त्यांना."

"नियम आहे."

"भातुकलीतसुद्धा एवढे नियम नसतात हो."

त्यांना राग आला नाही. पण उत्तराशिवाय मास्तरांच्या दारात उभं राहायचं आणि म्हणायचं काय? नुसतं भेटायला आलो असं म्हणणं त्यांना कुणाच्याच बाबतीत कधी जमलं नव्हतं.

उत्तर शेवटी रद्दीवाल्याकडे सापडलं. शोधकांच्या सांगण्यावरून तो जुनी मासिकं बाजूला काढून ठेवत असे. "चहाचं काहीतरी आहे बघा यात," म्हणत त्याने एक कव्हर नसलेला अंक पुढे केला. शोधकांनी दुकानाच्या पायरीवर बसूनच कथा वाचली. बायको रुसून माहेरी गेलेली. नवरा रोज दोन कप चहा करतो, एक पितो, एक ओततो. शेवटच्या पानावर ती येते, बॅग खाली ठेवते, कप उचलते आणि म्हणते, "गार झालाय."

लेखकाचं नाव कधी ऐकलेलं नव्हतं, कथाही बेताचीच. पण शोधकांनी अंक लगेच पिशवीत घातला. ते घरी गेलेच नाहीत. फळ्यावर नावाखाली पत्ता लिहायची पद्धत होती, त्यामुळे तो त्यांना पाठ होता.

मास्तरांच्या जिन्यात शेजारीण कुलूप लावत होती. कुणाकडे आलात, तुम्ही त्यांचे कोण, असं तिने विचारलं. शोधक म्हणाले, "वाचनालयातला."

"बरं झालं बाई, कुणीतरी आलं. काकू गेल्या ना, तेव्हापासून कुत्रं फिरकलेलं नाही."

"गेल्या म्हणजे?"

"गेल्या म्हणजे गेल्या. ऐन उन्हाळ्यात. तुम्हाला माहीत नाही?"

ती उतरून गेली. शोधक कठड्याला धरून उभे राहिले. परत फिरावं असं एकदा वाटलं. पण तोवर तिच्या आवाजाने दार उघडलं होतं.

मास्तरांची दाढी वाढली होती. "या," एवढंच ते म्हणाले आणि चहा उतू जाईल म्हणून लगबगीने आत गेले. स्वयंपाकघरात लहानसं टेबल, दोन खुर्च्या. एकीच्या पाठीवर बायकांचा करडा स्वेटर घडी करून टाकलेला. शोधक भिंतीजवळच्या स्टुलावर बसले. मास्तरांनी दोन कप भरले. एक स्वतःच्या पुढ्यात घेतला, दुसरा स्वेटरच्या खुर्चीपुढे ठेवला. तिसऱ्या कपाचं त्यांच्या ध्यानातही आलं नाही.

काय बोलतात अशा वेळी? शोधकांना एकही वाक्य आठवेना. पिशवीत होतं तेवढंच त्यांच्याजवळ होतं.

"उत्तर सापडलं," ते म्हणाले.

"कशाचं?"

"चिठ्ठीचं. तुमच्या."

मास्तर त्यांच्याकडे पाहत राहिले. "सापडलं?"

शोधकांनी अंक काढला, कथेचं नाव सांगितलं, लेखकाचं सांगितलं. मास्तरांनी दोन्ही नावं हलक्या आवाजात म्हणून पाहिली, तार लिहून घेताना म्हणत असतील तशी. मग विचारलं, "शेवटी काय होतं त्यात?"

त्या फळ्यावर आजवर इतके प्रश्न लागले, पण प्रश्न घालणाऱ्यानेच कथेचा शेवट विचारला, असं कधी झालं नव्हतं.

शेवटचं पान शोधकांच्या बोटाखाली होतं.

"शेवटचं पान नाहीये," ते म्हणाले. "फाटलंय."

 मास्तरांनी मान हलवली. "मग बरोबर आहे. हीच ती."

समोरच्या कपावर साय धरली होती. मी घेऊ का, असं विचारावं म्हणून शोधकांचा हात टेबलाच्या कडेपर्यंत गेला. मास्तर उठले, त्यांनी तो कप बेसिनमध्ये ओतला, विसळला आणि फडक्यावर पालथा घातला.

"उद्या येतो मग," पाठमोरेच ते म्हणाले. "चिठ्ठी काढून टाका."

जिन्याच्या वळणावर उजेड होता. शोधक तिथे थांबले. त्यांनी अंक उघडला, शेवटचं पान शिलाईपाशी धरलं आणि ज्या हातांनी साधा स्वल्पविरामही कधी गळू दिला नव्हता, त्या हातांनी ते जपून, सरळ फाडलं आणि घडी करून खिशात ठेवलं.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चिठ्ठी काढली आणि अंक मास्तरांच्या जागेवर ठेवला. वकील उत्तर वाचायला आले, तर शोधकांनी हातही लावू दिला नाही.

संध्याकाळी बाईंनी खिडक्या लावल्या तेव्हा अंक तिथेच होता. त्याच्या दुसऱ्या दिवशीही.