कमळाबाईची ताठ पाठ

‘सांगितलं तर कुणाचा विश्वास बसायचा नाय,’ मी झकेरियाला म्हणालो, ‘पण माझ्या आईच्या डोक्यावर बगळीनं अंडी घातली होती.’

झकेरियानं बशी तोंडाशी नेली होती, ती तशीच अधांतरी राहिली. आम्ही दोघं शाळेपासूनचे दोस्त. दुपार कलताना असरची नमाज झाली की तो आमच्या ओटीवर चहाला येतो. पण ही गोष्ट त्याच्यासाठी नव्हतीच. ती होती पायरीवर बसलेल्या माझ्या नातीसाठी.

मनस्वी मोबाइलात मान घालून बसली होती. सोललेली कोलंबी असते ना, अगदी तशी गोल. गेले काही महिने तिची पाठ दुखते. शाळेतून आली की दप्तर टाकून सपाट आडवी होते, आणि आडवी झाली की तोंडावर पुन्हा तोच मोबाइल. सूनबाईनं डॉक्टरांना दाखवलं. मान खाली घालून तासन्‌तास बसलं की डोक्याचा सगळा भार मानेवर आणि पाठीवर येतो, म्हणाले. मोबाइल डोळ्यांसमोर धर, मधूनमधून ऊठ, वर बघ. आता बघणार कशाला वर? वर मी होतो.

पूर्वी हीच पोरगी माझ्या गोष्टी ऐकताना माझी हनुवटी धरून बसायची, मी दुसरीकडे बघू नये म्हणून. आता तो मेला चपटा डबा तिच्या उशाशी झोपतो. त्याच्याकडे बघून ती गालातल्या गालात हसते. मी एवढं मगरीला पाटलाच्या विहिरीतून गुदगुल्या करून बाहेर काढल्याचं सांगितलं, तर मला मिळालं काय, एक ‘हं’. सवत आलेल्या बाईला काय वाटत असेल ते मला या वयात कळलं.

बरं, डब्याचं एक वेळ सोडा. झकेरियाची नात नशरा याच वयाची. ती आजोबांपुढे पाठ सरळ करून बसते आणि त्यांच्या कुवेतमधल्या नोकरीच्या गोष्टी ऐकते. झकेरियाच्या गोष्टी कशा, तर खऱ्या. कुठल्या साहेबानं कधी सुट्टी दिली, जेवणात काय होतं, उकाडा किती होता. एक शेपूट नाही, एक शिंग नाही. तरी पोरगी ऐकते.

‘अंडी?’ झकेरियानं बशी खाली ठेवली.

‘अंडी. आई मिठागरावर कामाला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर मिठाची टोपली, आणि पाठ अशी ताठ की बांधावरनं चालताना मिठाचा खडा हलायचा नाय. एकदा रिकामी टोपली घेऊन जरा उभी राहिली, तर बगळीला वाटलं खांब हाय. बसली टोपलीत. दिली अंडी.’

मी पायरीकडे पाहिलं. अंगठा वरखाली होत होता.

‘मग टोपली उतरवली नाय?’

‘कशी उतरवेल? आईचं काळीज हाय. उभ्यानं जेवली, भिंतीला टेकून झोपली. पिल्लं उडाली तेव्हा टोपली खाली आली.’

‘कमळाकर, अल्लाची थोडी तरी भीती धर,’ झकेरिया म्हणाला. ‘बगळे झाडावर घरटं करतात. हां, आमच्या कुवेतला एका पक्ष्यानं क्रेनवर केलं होतं. साहेबानं पिल्लं उडेपर्यंत क्रेन बंद ठेवली.’

मनस्वीची मान वर आली.

‘खरंच, चाचा? पूर्ण क्रेन?’

‘पूर्ण क्रेन, बेटा. आम्ही दुसरीनं काम केलं.’

‘सो क्यूट,’ ती म्हणाली आणि मान परत खाली गेली.

माझ्या ओटीवर, माझा चहा पिऊन, माझ्या नातीची मान त्यानं उचलली. तीही एका खऱ्या गोष्टीनं. डॉक्टरांना मान वर आलेली हवी होती, मला ती माझ्यासाठी वर यायला हवी होती. हे बरोबर नाही हे मला कळत होतं. पण कळून काय करता?

‘क्रेनचं काय घेऊन बसलास,’ मी आवाज चढवला. ‘क्रेन लोखंडाची. ताठ राहील नायतर काय करील? आमच्या गावात वीज आली तेव्हा एक खांब कमी पडला. वायरमननं आईला बघितलं, म्हणाला, बाई, जरा उभ्या राहा. तारा तिच्या खांद्यावरनं नेल्या. तिकडं पार ओवे गावापर्यंत दिवे लागले.’

‘आणि तिला शॉक?’ झकेरियानं विचारलं.

‘ताठ माणसाला बसत नाय. वाकलेल्याला बसतो.’

अंगठा थांबला. मी थांबायचं सोडून आणखी पुढे गेलो.

‘नव्वदीची झाली तरी तशीच. कधी काठी धरली नाय. शेवटी तिरडी घेऊन न्यायला आले तेव्हा माणसं म्हणाली, कमळाबाई, आता तरी आडव्या व्हा.’

मनस्वी उठली. मोबाइल पायरीवर तसाच गाणं म्हणत राहिला. ती दोन्ही हात कमरेवर ठेवून दारापाशी आली, टाचा उंचावल्या, आणि दारावर लावलेल्या माझ्या आईच्या फोटोकडे मान पार मागे टाकून बघत राहिली. इतका वेळ ती माझ्याकडेसुद्धा कधी बघत नाही. झकेरियाही बघायला लागला. मिठागरात दिवसभर वाकून मीठ ओढणाऱ्या बाईची पाठ कशी होते, हे त्याला मी वेगळं सांगायची गरज नव्हती.

मग ती वळली, थेट माझ्या डोळ्यांत बघून म्हणाली, ‘आजोबा, खोटं. पणजी काठी धरून उभी आहे आणि तिची पाठ माझ्यापेक्षा वाकडी आहे.’